आतिथ्य (ख्रिस्ती मंडळी)

ख्रिस्ती मंडळीतील आतिथ्य म्हणजे मंडळीत येणाऱ्या प्रत्येकाचा, विशेषतः परका, गरीब, दुबळा किंवा वेगळ्या चालीरीतीचा असलेल्याचा, मनापासून स्वीकार करणे आणि स्वतःच्या सोयीपेक्षा त्याची गरज आधी पाहणे. नवा करार या वृत्तीकडे शिष्टाचार म्हणून पाहत नाही. ती विश्वासाची कसोटी आहे, असे तो मानतो. मंडळीच्या इतिहासात या कसोटीला उतरण्याचे प्रसंग जितके आले, तितकेच तिच्यात नापास होण्याचेही आले. त्यामुळे या विषयाचा आढावा घेताना केवळ उपदेशवचनांवर भागत नाही. कोण कोठे बसले, कोणाच्या ताटात काय पडले आणि कोणाला दाराशी थांबवले, हेही पाहावे लागते.

संज्ञा

नव्या करारात आतिथ्यासाठी ‘फिलोक्सेनिया’ हा ग्रीक शब्द येतो. त्याचा शब्दशः अर्थ परक्याविषयीचे प्रेम असा आहे. या सामासिक शब्दातील ‘क्सेनोस’ हे पद मोठे अर्थपूर्ण आहे. त्याचा अर्थ परका असाही होतो, पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही होतो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी गायस नावाच्या गृहस्थाचा उल्लेख आपला आणि सर्व मंडळीचा ‘क्सेनोस’ असा केला आहे. तेथे त्याचा अर्थ यजमान एवढाच आहे. याच पत्रात एकमेकांचा स्वीकार करा असे सांगताना जे क्रियापद योजले आहे, त्यात आपल्याजवळ ओढून घेणे, आपल्यात सामावून घेणे अशी छटा आहे. नुसते ‘या, बसा’ म्हणण्याच्या पुढची ही गोष्ट आहे.

मराठीत ख्रिस्ती उपासक समुदायाला ‘मंडळी’ हा शब्द रूढ झाला, हा एक सुखद योगायोग म्हटला पाहिजे. मराठी घरात ‘मंडळी’ म्हणजे घरची माणसे. लग्नघरी, प्रवासात, पंगतीत जमलेले सगळे आपले लोक. ग्रीक ‘एक्लेसिया’ या शब्दात बोलावून एकत्र आणलेल्या सभेचा अर्थ आहे, घरगुतीपणा नाही. तो मराठीने दिला.

बायबलमधील पार्श्वभूमी

जुन्या करारात आतिथ्याचे कारण आठवणीत आहे. तुम्हीही एके काळी मिसर देशात परके होता, म्हणून तुमच्यात राहणाऱ्या परक्यावर प्रेम करा, असे लेवीय आणि अनुवाद या दोन्ही पुस्तकांत बजावले आहे. मम्रेच्या एला झाडांपाशी भर उन्हात तंबूच्या दाराशी बसलेल्या अब्राहामाने तीन अनोळखी पुरुषांना धावत जाऊन आत बोलावले, ही उत्पत्तीमधील कथा पुढील सर्व ख्रिस्ती लेखनात आदर्श म्हणून आली आहे. इब्री लोकांस पत्राचा लेखक हिचाच संदर्भ मनात धरून सांगतो की, पाहुणचार करताना काहींनी नकळत देवदूतांचा पाहुणचार केला.

येशूच्या चरित्रात पाहुणा आणि यजमान यांच्या भूमिका सतत बदलतात. जकातदारांच्या घरी तो पाहुणा म्हणून जेवतो आणि त्यासाठी टीका सोसतो. जक्कयाच्या घरी तर तो स्वतःच स्वतःला आमंत्रण देतो. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांनी आग्रहाने थांबवून घेतलेला वाटसरू जेवायला बसल्यावर भाकर मोडून देतो; पाहुणा यजमान होतो आणि तेव्हाच त्यांना त्याची ओळख पटते. मेजवानी दिलीच तर परतफेड करू शकणाऱ्या नातलगांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना न बोलावता गरीब, अपंग, लंगडे आणि आंधळे यांना बोलवा, असा त्याचा लूकच्या चौदाव्या अध्यायातील सल्ला आहे. देण्याघेण्याच्या हिशेबावर चालणाऱ्या समाजात तो तेव्हाही विचित्र वाटला असणार. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी विचारले जाणारे प्रश्न भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांच्याविषयीचे आहेत.

करिंथचे भोजन

आरंभीच्या मंडळ्यांना स्वतंत्र प्रार्थनामंदिरे नव्हती. एखाद्या सुस्थितीतील सभासदाच्या घरी सर्वजण जमत, एकत्र जेवत आणि त्या जेवणातच प्रभुभोजनाचा विधी होई. म्हणजे उपासना आणि पाहुणचार या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. करिंथ येथे याच ठिकाणी घोटाळा झाला.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायावरून दिसते की, तेथे काही जण आपले जेवण आधीच उरकून घेत. त्यामुळे कोणी उपाशी राही, तर कोणी पिऊन तर्र होई. रोमन काळातील घरांच्या रचनेवरून अभ्यासकांनी या प्रसंगाचे चित्र उभे केले आहे. भोजनाच्या खोलीत तीन बाजूंना कोच मांडलेले असत आणि त्यांवर साधारण नऊ माणसे रेलून जेवू शकत. उरलेल्यांची सोय बाहेरच्या चौकात होई. घरमालकाच्या बरोबरीचे लोक दुपार कलताच येऊन आतल्या खोलीत जागा धरीत. गुलाम आणि मजूर दिवसभराचे काम संपवून उशिरा येत आणि चौकात उभे राहत, तोवर अन्न संपलेले असे. पाहुण्यांच्या प्रतिष्ठेनुसार वेगवेगळ्या प्रतीचे अन्न आणि मद्य वाढण्याची रीत रोमन समाजात प्रचलित होती. धाकट्या प्लिनीने आपल्या एका पत्रात असल्या यजमानाची चांगलीच कानउघाडणी केली आहे. आपल्याकडे या प्रकाराला नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच.

करिंथमधील घरमालकांनी मुद्दाम कोणाचा अपमान केला असे मानण्याचे कारण नाही. ते त्यांच्या समाजात जसे वागायचे तसेच वागले. पौलाचा आक्षेप नेमका याच सहजपणावर आहे. अशा भोजनाला प्रभूचे भोजन म्हणताच येत नाही, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असे तो स्पष्ट सुनावतो. उपाय मात्र अगदी साधा सांगतो : जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. येथील ग्रीक क्रियापदाचा अर्थ थांबणे असा जसा होतो, तसाच स्वागत करणे असाही होतो. लगेच पुढच्या अध्यायात शरीराचे रूपक येते आणि जे अवयव दुर्बळ वाटतात ते अधिक आवश्यक आहेत असे प्रतिपादन येते. ते या भोजनाच्या संदर्भात वाचले तरच त्याची धार लक्षात येते.

अशक्त आणि सशक्त

रोमकरांस पत्राच्या चौदाव्या आणि पंधराव्या अध्यायांत प्रश्न वेगळा आहे. रोममधील काही विश्वासणारे मांस वर्ज्य करून केवळ भाजीपाला खात आणि काही विशिष्ट दिवस पाळत. इतरांना या बंधनांची गरज वाटत नसे. पहिल्यांना पौल ‘अशक्त’ म्हणतो, दुसऱ्यांना ‘सशक्त’. सम्राट क्लौद्याने यहुदी लोकांना रोममधून घालवून दिले होते, याचा उल्लेख प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. इ.स. ५४ मध्ये क्लौद्य मरण पावल्यावर जे यहुदी ख्रिस्ती परतले, त्यांना आपल्या मंडळ्या आता परराष्ट्रीयांच्या हाती गेलेल्या दिसल्या आणि त्यातून हा बेबनाव झाला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पत्र इ.स. ५७ च्या सुमारास लिहिले गेले.

तत्त्वतः पौल स्वतः सशक्तांच्या बाजूचा आहे. कोणतेही अन्न मुळात अशुद्ध नाही, असे त्याचे ठाम मत आहे. तरीही तो झुकण्याची जबाबदारी सशक्तांवरच टाकतो. ज्याला मोकळीक आहे त्याने दुसऱ्याच्या सद्सद्विवेकासाठी ती सोडून द्यावी. ज्याला बोचणी आहे त्याला वादात ओढू नये आणि तुच्छही लेखू नये. करिंथकरांना मूर्तीपुढील नैवेद्याच्या मांसाविषयी लिहितानाही त्याने हीच भूमिका घेतली. फिलिप्पैकरांस पत्रात तिला व्यापक रूप मिळते : दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ मानावे, स्वतःच्या हिताबरोबर इतरांचेही हित पाहावे, कारण ख्रिस्तानेही स्वतःला रिक्त केले.

आता अडचण अशी की, याच पौलाने अंत्युखियात नेमके उलटे केले. गलतीकरांस पत्रात तो सांगतो की, पेत्र तेथे परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमहून काही कडवे लोक येताच त्यांच्या भीतीने तो वेगळा बसू लागला आणि त्याचे पाहून बर्णबासारखा मनुष्यही ओढला गेला. पौलाने सर्वांदेखत पेत्राला जाब विचारला. रोममध्ये ज्यांची बोचणी सांभाळायची, अंत्युखियात त्यांचीच बोचणी का झुगारायची? दोन प्रसंगांतील फरक असा की, रोममध्ये अशक्त माणूस स्वतःच्या ताटापुरते बंधन पाळत होता. अंत्युखियात त्या बंधनाने दुसऱ्याला पंक्तीतून उठवले. स्वतःवर घातलेली मर्यादा आणि दुसऱ्यावर लादलेली मर्यादा यांतील ही रेषा पुढे भारतातील मंडळ्यांना फार महत्त्वाची ठरली.

आतिथ्य आणि फसवणूक

प्रवासी प्रेषित, उपदेशक आणि संदेष्टे यांच्यावर आरंभीच्या मंडळ्यांचे दळणवळण अवलंबून होते. त्यांना घरी उतरवून घेणे हे प्रत्येक गावच्या मंडळीचे कर्तव्य मानले जाई. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिचा योग्य स्वीकार करा, असे पौलाने रोमकरांना शिफारसपूर्वक लिहिले आहे. उलट योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाच्या पुढाऱ्याविषयी तक्रार आहे : तो आलेल्या बंधूंचा स्वीकार करीत नाही, जे करू पाहतात त्यांना मना करतो आणि मंडळीबाहेर घालवतो.

उघड्या दारातून लबाडही येत. ‘दिदाखे’ या अतिप्राचीन ग्रंथात त्यावर व्यवहारी उपाय दिलेले आहेत. या ग्रंथाचे हस्तलिखित फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले आणि १८८३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यानुसार येणाऱ्या प्रेषिताला प्रभूप्रमाणे स्वीकारावे. पण त्याने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे. तिसराही दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा. निघताना भाकरीखेरीज पैसे मागितले तरी तो खोटाच. ज्याला कायम वस्ती करायची असेल आणि हाती कसब असेल, त्याने काम करून खावे. ख्रिस्ती लोकांच्या भाबड्या औदार्याचा फायदा घेणाऱ्या पेरेग्रिनस नावाच्या माणसाचे उपहासात्मक चित्र लुसियन या ग्रीक लेखकाने दुसऱ्या शतकात रंगवले आहे. ‘दिदाखे’तील नियम किती अनुभवातून आले असतील याची त्यावरून कल्पना येते.

संस्थांची वाढ

दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर याने रोममधील रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. त्यात जमलेले दान अध्यक्षाच्या स्वाधीन होते आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावचे पाहुणे यांची तरतूद करतो. चौथ्या शतकात याला मोठ्या संस्थांचे रूप आले. कप्पदोकियातील कैसरिया येथे दुष्काळाच्या अनुभवानंतर बिशप बेसिल यांनी शहराबाहेर वाटसरू, गरीब आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी इमारतींचा मोठा समूह उभारला. पुढे तो ‘बासिलियाड’ या नावाने ओळखला गेला. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या दैवतांकडे वळलेला सम्राट जुलियन यानेही इ.स. ३६२ मध्ये गलातियाच्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात, हे ‘गालीली’ स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात, अशी खंत व्यक्त केली आणि प्रत्येक नगरात धर्मशाळा उभारण्याचा आदेश दिला. विरोधकाची ही साक्ष म्हणून अधिक मोलाची.

संस्था आल्या की माणसे निर्धास्त होतात. योहान क्रिसोस्तोम यांनी आपल्या प्रवचनांतून हा धोका ओळखला होता. मंडळीची धर्मशाळा आहे म्हणून आपल्या घराचे दार लावून घेऊ नका. घरात एक खोली ख्रिस्तासाठी, म्हणजेच गरजू पाहुण्यासाठी, राखून ठेवा, असा त्यांचा आग्रह असे.

सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमावलीचा त्रेपन्नावा अध्याय पाहुण्यांविषयी आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ख्रिस्त समजून घ्यावे, मठाधिपतीने त्याच्या हातावर पाणी घालावे, त्याचे पाय धुवावेत, पाहुण्यासाठी प्रसंगी उपवासही मोडावा, असे त्यात सांगितले आहे. श्रीमंताचा दराराच त्याला मान मिळवून देतो, म्हणून गरीब आणि यात्रेकरू यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे, ही त्यातील सूचना मानवी स्वभावाची उत्तम जाण दाखवते.

बसण्याची जागा

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभेला आलेल्या दोन माणसांचे उदाहरण आहे. सोन्याची अंगठी आणि झगझगीत वस्त्रे घालून आलेल्याला मानाची जागा मिळते; मळकट कपड्यांतल्या गरिबाला उभे राहा किंवा पायांशी बस असे सांगितले जाते. हा भेदभाव विश्वासाशी विसंगत असल्याचे पत्र सांगते. तिसऱ्या शतकात सिरियात रचलेल्या ‘दिदास्कालिया’ या ग्रंथाने त्यावर एक नियमच केला. उपासना चालू असताना एखादा प्रतिष्ठित मनुष्य आला तर बिशपने उपदेश थांबवून त्याच्याकडे लक्ष देऊ नये; पण गरीब, विशेषतः वृद्ध, स्त्री किंवा पुरुष आला आणि जागा नसेल, तर बिशपने त्याच्यासाठी जागा करावी, मग त्याला स्वतःला जमिनीवर बसावे लागले तरी चालेल.

नंतरच्या इतिहासात हा नियम फारसा पाळला गेला नाही. इंग्लंड आणि अमेरिकेतील अनेक चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकापर्यंत बाके भाड्याने दिली जात. पैसे भरणाऱ्या कुटुंबांची बाके पुढे आणि ठरलेली. गरिबांना मागच्या किंवा कडेच्या मोफत जागा. फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज चर्चमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस याहून विदारक प्रसंग घडला. प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या कृष्णवर्णीय उपासकांना, ते ठरवून दिलेल्या जागेबाहेर बसले म्हणून, प्रार्थना संपण्याआधीच ओढून उठवण्यात आले. रिचर्ड ॲलन, ॲब्सलम जोन्स आणि त्यांचे सहकारी तेथून बाहेर पडले. ॲलन यांच्या नेतृत्वाखाली १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला.

भारतात जागेचा प्रश्न जातीचा होता. तंजावर आणि मद्रास परिसरातील प्रोटेस्टंट मंडळ्यांत उच्च जातींतून आलेले आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेले ख्रिस्ती एकाच छपराखाली पण वेगळे बसत. प्रभुभोजनालाही आधी कोण आणि नंतर कोण हे ठरलेले असे. जुन्या मिशनऱ्यांनी हळूहळू बदल होईल या आशेने हे चालू दिले होते. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये पत्रक काढून मंडळीतील जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेक सवर्ण ख्रिस्ती कुटुंबे मंडळीपासून दूर झाली. तंजावरचे ख्यातनाम तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायकम शास्त्री यांनीही या आदेशाविरुद्ध लिहिले. जात ही सामाजिक रीत आहे, धर्माशी तिचा संबंध नाही आणि आमच्या दुर्बळतेला सांभाळून घ्यावे, असा विरोधकांचा एकंदर युक्तिवाद होता. वर उल्लेखिलेली रोम आणि अंत्युखिया यांमधील रेषा येथे कामी येते. वेगळे बसणाऱ्याची दुर्बळता सांभाळण्याची किंमत येथे मागे बसवलेल्याला मोजावी लागत होती. म्हणून रोमकरांच्या पत्राचा आधार या बाजूला लागू पडत नाही, असेच म्हणावे लागेल.

महाराष्ट्र

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे मिशनचे केंद्र १८३१ मध्ये सुरू झाले. त्या मंडळीत एकीकडे हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे ब्राह्मण घराण्यातून आलेले लोक होते, तर दुसरीकडे महार आणि मांग समाजांतून आलेले सभासद होते आणि पुढे त्यांचीच संख्या मोठी झाली. ज्या समाजात एका पाणवठ्यावर येणेही अशक्य होते, त्यात एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणे याचा अर्थ काय होता, हे आजच्या वाचकाला प्रयत्नाने समजून घ्यावे लागते. जातीचा त्याग या एका घोटात उघड होई आणि त्याची वार्ता गावभर जाई.

मनातील बदल मात्र घोटासरशी होत नाही. याचे मराठीतील सर्वांत प्रामाणिक चित्रण लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी आपले सोवळे, आपले पाणी आणि आपला स्वयंपाक त्यांनी वेगळाच ठेवला. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. काही काळाने त्यांनी स्वतःच विचार करून जातिभेद सोडला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. सशक्ताने अशक्ताला वेळ द्यावा, या उपदेशाचे घरगुती उदाहरण म्हणून हे पाहता येते. ज्याच्या हातचे पाणी नको त्याच्या मनाचे काय, हा दुसरा प्रश्नही लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या वागण्याची थट्टा करीत वाचकांपुढे उघडा ठेवला आहे.

पंडिता रमाबाईंचा अनुभव याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि लवकरच पुण्यास हलवलेल्या शारदा सदनात ब्राह्मण विधवांना आपले खाण्यापिण्याचे आचार पाळून राहण्याची मोकळीक होती. स्वतः ख्रिस्ती असूनही रमाबाईंनी ही व्यवस्था नेटाने सांभाळली. त्यांच्या प्रार्थनेला मुली आपणहून बसू लागल्या, तेव्हा वाद पेटला. १८९३ मध्ये पुण्यातील सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुलींना परत नेले. त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने गांजलेल्या मुली व स्त्रियांना त्यांनी केडगाव येथे आणले. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्ती मिशनमधील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. तेथे जातीनुसार व्यवस्था ठेवणे शक्य नव्हते आणि रमाबाईंना ते नकोही होते. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवण्याची, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ या स्वतंत्र विभागाची सोय तेथे झाली. आश्रयास आलेल्यांच्या गरजा एकसारख्या नसतात, हे या संस्थेच्या रचनेतच दिसते.

टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे येशूभक्त सामील होऊ शकत होते. मिशनच्या चौकटीत न मावणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवण्याचा हा प्रयत्न होता. टिळक १९१९ मध्ये निवर्तल्याने तो फार वाढला नाही.

निरनिराळ्या पंथांनी एकमेकांचा स्वीकार करणे हाही या विषयाचा भाग आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारत मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. त्यात बालबाप्तिस्मा मानणारे आणि केवळ प्रौढ विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा मानणारे असे दोन्ही होते. एकाने दुसऱ्याला चूक ठरवण्याऐवजी दोन्ही रीती मान्य करण्यात आल्या.

गोवा

गोव्यातील कॅथलिक समाजात चर्चच्या उत्सवांचे यजमानपद दीर्घकाळ ‘कोंफ्रारिया’ म्हणजे बंधुमंडळांकडे राहिले. अनेक गावांत या मंडळांचे सभासदत्व बामण, चारडो, सुदीर अशा जातींनुसार किंवा मूळ गावकरी घराण्यांपुरते मर्यादित असे; उत्सवात विशिष्ट रंगाचा झगा घालून मिरवण्याचा मान कोणाला, यावरून तंटे होत. धर्मगुरूंनी अनेक ठिकाणी सर्वांसाठी समान सहभागाची व्यवस्था आणली आहे. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दलित सक्षमीकरणाच्या धोरणात, देशातील चर्चमध्ये अस्पृश्यतेचे व्यवहार अजून आढळतात, हे उघडपणे मान्य केले.

उपासनेतील रीती

प्रभुभोजनाआधी उपासकांनी एकमेकांना शांतीची खूण देणे ही प्राचीन रीत आहे. केरळच्या सुरियानी ख्रिस्ती परंपरेत ती हातात हात देऊन चालत आली. दक्षिण भारत मंडळीच्या १९५० च्या प्रभुभोजनविधीत तिचा समावेश झाला आणि पुढे जगभरच्या अनेक पंथांनी ती पुन्हा स्वीकारली. मराठी मंडळ्यांत उपासनेच्या शेवटी नव्या पाहुण्यांची ओळख करून देणे, गाव बदलणाऱ्या कुटुंबाने जुन्या मंडळीचा दाखला नव्या मंडळीत देणे, आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जाणे या रीती रूढ आहेत. नव्या माणसाला ‘उपासना संगीत’ हाती देऊन गीताचा क्रमांक काढून देणे ही अगदी लहान गोष्ट. पण परक्या ठिकाणी गोंधळलेल्या माणसाला तिचे महत्त्व विचारावे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार, मोठ्या अक्षरांतील गीते आणि कर्णबधिरांसाठी खुणांची भाषा यांचा विचारही आता होऊ लागला आहे, शहरांत अधिक आणि खेड्यांत कमी.

टीका

ख्रिस्ती आतिथ्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप हेतूविषयीचा आहे. दुष्काळात दिलेले अन्न हे धर्मांतराचे आमिष होते, असा आरोप एकोणिसाव्या शतकापासून होत आला. त्या वेळी विदर्भाचाही समावेश असलेल्या मध्य प्रदेश राज्याने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या १९५६ च्या अहवालात शाळा, दवाखाने यांचा वापर धर्मांतरासाठी होतो असा निष्कर्ष होता. ख्रिस्ती संघटनांनी तो एकतर्फी म्हणून नाकारला. परतफेडीची अपेक्षा न धरता जेवू घालावे, हा लूकच्या चौदाव्या अध्यायातील दंडक दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखा आहे.

दुसरा आक्षेप श्रमाच्या वाटणीचा आहे. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीकभाषी विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी सात पुरुषांची पंक्तिसेवेसाठी निवड केली. सातांचीही नावे ग्रीक आहेत. म्हणजे तक्रार करणाऱ्या गटाच्याच हाती बहुधा वाटप सोपवले गेले. प्रत्यक्ष इतिहासात मात्र पाहुणचाराचे ओझे मुख्यतः स्त्रियांवर पडले. येशूला घरी उतरवून घेणारी मार्था कामाने त्रासून बहिणीची तक्रार करते, हा लूकमधील प्रसंग बहुतेक प्रवचनांत मार्थेच्या विरुद्ध वापरला जातो. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला मात्र तिची बाजू पटते : टिळक रस्त्यावर भेटेल त्याला आणि निराधार दिसेल त्या मुलाला घरी घेऊन येत, आणि डब्यात पीठ किती आहे हे लक्ष्मीबाईंना पाहावे लागे.